यादीला आलेलं उत्तर

उद्या पहाटे निघणार म्हणता ना? मग शेकोटीत अजून एक लाकूड सरकवा आणि जरा बसा. संध्याकाळी तुमची जोडाजोड मी माझ्या खुर्चीतून बघत होतो. गाडी झकास आहे, ट्रेलर कोरा करकरीत. पण हा टोपीवाला मागे वाकून घाम गाळत होता, त्याने "नीट बसलंय का बघ गं" म्हटलं, आणि या बाईसाहेब मोबाइलमधून नाक वर न काढता "हो, बसलंय" म्हणाल्या. हसताय? हसा. या तळ्यावर मी बावीस वर्षं राखणदार आहे. असलं "हो, बसलंय" हजार वेळा ऐकलं असेल. मी तोंडावर कुणाला काही बोलत नाही. रात्री ही गोष्ट तेवढी सांगतो, मग ज्याचं त्याने ठरवावं.

गोष्ट ऐकीव नाही. जिच्यावर गुदरली ती बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. नाव व्होंडा. इथून साठ मैलांवर, वाळूच्या टेकड्यांच्या पोटात सॉयर बेंड नावाचं गाव आहे, तिथली. दिवसही सांगतो. गुरुवार, एकोणीस सप्टेंबर दोन हजार तेरा. पौर्णिमा होती, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढे कुणी म्हणायला नको, अंधारात बाईला भास झाला.

व्होंडा तेव्हा एकसष्ट वर्षांची. नवरा डेल जाऊन आठ वर्षं झालेली. त्या शुक्रवारी पहाटे पाचला ती डेलच्या धाकट्या भावाबरोबर, ऑरिनबरोबर, अॅरिझोनाला हिवाळा काढायला निघणार होती. आणि नाताळात तिथेच दोघं लग्न करणार होते. गावाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आठ वर्षं ऑरिनने तिच्या दारातला बर्फ काढला, गटार तुंबलं की उपसलं, तिच्या आईच्या अंत्ययात्रेत तिचा कोट धरून उभा राहिला. न मागता करायचा, बोलून दाखवायचा नाही. असा माणूस पदरात पडला तर कोण नाही म्हणेल?

गाडी म्हणाल तर व्होंडाची मोठी एसयूव्ही, आठ जण बसतील अशी. राहायचा ट्रेलर चोवीस फुटी, जुना पण कोरडा, छत कुठे गळत नव्हतं. ऑरिन आठवडाभर त्या गाडीच्या मागे लागला होता. मागच्या बाजूला भक्कम चौकट बोल्टांनी आवळली. गियरबॉक्सचं तेल चढावर तापू नये म्हणून पुढे वेगळी जाळी बसवली. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लागावेत म्हणून स्टिअरिंगखाली ती डबी लावली, बाजूला लांब कानांचे आरसे लावले. आणि ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर, बॉलवर, किती वजन टाकतो ते मोजायला व्होंडाचा न्हाणीघरातला वजनकाटा नेला. कट् आवाज झाला आणि काटा मेला.

"सत्तावीस वर्षं मी त्याच्यावर उभी राहिले," व्होंडा म्हणाली, "माझ्यानं नाही मोडला तो. तू एका दुपारी मोडलास!"

"तू त्याला खोटं बोलायला शिकवलं होतंस ना," ऑरिन म्हणाला. "खरं वजन पडल्यावर बिचाऱ्यानं जीव सोडला."

असं हसतखेळत चाललं होतं. त्या रात्री दोघांनी खिम्याची तिखट चिली आणि वर दालचिनीचे रोल खाल्ले. आपल्याकडे सकाळी नऊनंतर वारा सुटतो आणि एवढी उंच पेटी ओढताना वारा म्हणजे वैरी, म्हणून पहाटे निघायचं, आणि पहाटे निघायचं तर जोडून ठेवायचं रात्रीच. साडेनऊला ऑरिनने गाडी मागे घेतली. व्होंडा आरशात दिसेल अशी उभी राहून हाताने खुणा करत होती. तिसऱ्या खेपेला कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचं तोंड, बॉलवर बसला.

आता थोडं मागचं सांगावं लागतं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

डेल आणि ऑरिनच्या बापाची एक रीत होती. जोडणारा एक आणि तपासणारा दुसरा. जोडणाऱ्याने मागे बसून एकेक नाव मोठ्याने घ्यायचं. कपलर? साखळ्या? तोलाच्या सळया? प्लग? जॅक? तपासणाऱ्याने प्रत्येक वस्तूपाशी जाऊन तिला हात लावायचा आणि म्हणायचं, "हात लावला." नुसतं बघून चालायचं नाही. शेवटी पिन. कपलरची कडी खाली दाबली की तिच्या भोकातून करंगळीएवढी पिन जाते. ती नसली तर एखाद्या खड्ड्यात कडी उडते आणि कपलर बॉलवरून निसटतो. म्हातारा एवढा खट, की ही पिन त्याने जोडणाऱ्याच्या हाती कधी दिली नाही. पिन तपासणाऱ्याच्या खिशात. म्हणजे त्याला जागेवरून उठून, वाकून ती घालावीच लागणार. बसल्या जागी "हो, झालं" म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये, एका शनिवारी पहाटे, दोघे भाऊ मासे धरायला निघाले. डेलने ट्रेलर जोडला, गाडी ऑरिनची, चालवणारही ऑरिन. गावाबाहेर चौदा मैलांवर, उतारावर कपलर निसटला. साखळ्यांनी ट्रेलर धरला, पण आडवा. समोरून शाळेच्या बाई येत होत्या, मिसेस कुबिक, आपल्या छोट्या पिकअपमधून. ट्रेलर त्यांच्यावर गेला. ऑरिनची गाडी उजव्या कुशीवर उलटली. उजवीकडे डेल बसला होता.

पिन कुठे सापडली नाही. ऑरिन गळ्याचं हाड मोडून दवाखान्यात पडला होता, तिथेच त्याने शेरीफला जबानी दिली. डेलला घाई होती म्हणाला. त्याने यादी म्हटलीच नाही, पिन माझ्याकडून मागून घेतली, मीच घालतो म्हणाला. विसरला असणार बिचारा.

आणि सगळ्यांना ते पटलं, कारण डेल होताच तसा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा. व्होंडालाही पटलं. तिने रडून रडून डोळे सुजवले आणि मनातल्या मनात त्याच्यावर चिडलीसुद्धा. डेल, एक दिवस तरी लक्ष द्यायचं होतंस रे. त्या बाईंची दोन पोरं आईवेगळी केलीस.

गावाने तिला वाईट काही म्हटलं नाही. आपल्याकडे म्हणत नाहीत. पण चर्चच्या जेवणात तिने नेलेलं भांडं भरलेलंच परत यायचं. कुबिक मास्तर, त्या बाईंचा नवरा, दुकानात समोर आला की दुसऱ्या रांगेत वळायचा. ती दोन पोरं डेलच्या थडग्यासमोरून जाताना तोंड फिरवायची. दगडावर नाव डेलचं, आणि त्याच्याआड मान खाली घालून जगायचं तिने. आठ वर्षं. तिला एकच हवं होतं, कुणीतरी एकदा म्हणावं की डेल चांगला माणूस होता. असं म्हणणारा गावात एकच जण होता, ऑरिन. म्हणून तर ती त्याच्याबरोबर निघाली होती.

तर, ती रात्र.

दहा वाजून गेले होते. साखळ्या अडकवून झाल्या, सळया ताणून बसल्या. मोठा पाना हवा म्हणून ऑरिन कोठारात गेला. व्होंडा गाडी आणि ट्रेलरच्या मधल्या जागेत, कपलरपाशी उकिडवी बसली. अंगात जाड कापडाचा कोट होता. चांदणं एवढं की कडीचं भोक दिसत होतं.

अपघातापासून ऑरिनने कधी यादी म्हटली नव्हती. सगळं एकटाच तीन तीनदा तपासायचा, तोंड मिटून. व्होंडा समजायची, भावाची आठवण येत असेल. पण त्या रात्री तिला वाटलं, उद्या नवं आयुष्य सुरू करायचं तर ते घरच्या रीतीने करावं. डेलला बरं वाटेल.

"ऑरिन!" तिने हाक मारली. "मी यादी म्हणते हं! उत्तर दे!"



"कपलर?"

"हात लावला."

आवाज ऑरिनचा. पण कोठारातून नाही. गाडीतून आला. काचा वर असल्या की येतो तसा, कोंडलेला. तिला वाटलं, पलीकडून येऊन बसला वाटतं आत.

"बसल्या जागेवरून कसा रे हात लावलास?" ती हसत म्हणाली. "हात आहे की शिडी? उतर खाली, ऐदी कुठला! साखळ्या?"

"हात लावला."

या वेळी आवाजामागे अजून काहीतरी होतं. रेडिओ. कुणीतरी मक्याचा भाव सांगत होतं. आणि त्याच्यावर टप... टप टप... गाडीच्या टपावर पाऊस पडत होता.

व्होंडाने वर पाहिलं.

चंद्र. चांदण्या. तिच्या हातावर एक थेंब नाही.

"कुणाशी बोलतेस?"

ती मागे वळली. ऑरिन कोठाराच्या दारात उभा होता. हातात पाना.

तिने गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेतून आरपार दिसत होतं. स्टिअरिंग दिसत होतं. सीटची पाठ दिसत होती. सीटवर कुणी नव्हतं.

"तू..." ती म्हणाली. "तू आत्ता..."

आणि तेव्हा तिच्या शेजारी, अगदी शेजारी, उकिडव्या बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तेवढ्या उंचीवर, कुणीतरी घसा खाकरला.

"सळया?"

डेल.

आठ वर्षांत तिने तो आवाज स्वप्नातसुद्धा ऐकला नव्हता. आता ऐकला. नेहमीचा. सकाळचा, जरासा घोगरा. ती हलली नाही. मान वळवायची तिची छाती झाली नाही. तिच्या कानाला वाफ लागत होती, थंडीत कुणी बोललं की लागते तशी.

गाडीतून: "हात लावला."

"प्लग?"

"हात लावला."

ऑरिनच्या हातातला पाना खाली पडला. तो ऐकत होता. म्हणजे तिला एकटीलाच ऐकू येत नव्हतं. हे तिने लक्षात ठेवलं, आणि मला सांगताना तीनदा सांगितलं.

"जॅक?"

"लावला रे."

पावसाचा जोर वाढला. टपावर. फक्त टपावर. रेडिओवरचा माणूस म्हणाला, दुपारपर्यंत उघडीप मिळेल.

मग शेजारचा आवाज जरा मोठा झाला. पावसातून पलीकडे ऐकू जावं म्हणून माणूस आवाज चढवतो तसा.

"पिन?"

...

काही नाही. पाऊस.

...

"ऑरिन? पिन?"

आणि गाडीतून, काचेआडून, तोंडात घोट असल्यासारखा, हसरा:

"घातली रे बाबा! ये आता. कॉफी गार होतेय."

त्या आवाजात आणि आधीच्या आवाजांत एका पावलाचं अंतर पडलं नव्हतं. दार उघडल्याचा आवाज नव्हता. ओल्या रेतीत बूट वाजले नव्हते. पहिल्या उत्तरापासून शेवटच्या उत्तरापर्यंत तो माणूस एकाच जागी होता. सीटवर.

शेजारून कुणीतरी उठलं. गुडघा कट् वाजला. डेलचा डावा गुडघा वाजायचा. पावलं तिच्या पाठीमागून गाडीच्या उजव्या बाजूला गेली. दार उघडलं... आणि मिटलं. दार तिच्या डोळ्यांदेखत बंदच होतं, जागचं हललं नव्हतं, आवाज मात्र उघडल्याचा आणि मिटल्याचा आला. गाडी उजवीकडे दोन बोटं खाली बसली. कुणी जड माणूस आत बसला की बसते तशी.

मग रेडिओ थांबला. पाऊस थांबला. गाडी हळूच वर आली.

आधी बोलली तीच.

"ऑरिन."

तो पाना उचलायला वाकला.

"त्यानं यादी म्हटली होती. पूर्ण म्हटली होती. दोनदा विचारलं त्यानं तुला. दोनदा!"

"पाऊस होता, व्होंडा," ऑरिन म्हणाला. "नुसता पाऊस होता. मी... मी म्हटलं, पुढे पेट्रोलला थांबू तेव्हा घालीन. चौदा मैल तर होते."

"पिन कुठे होती?"

"खिशात."

"कुणाच्या?"

"माझ्या." त्याने तोंडावर हात घेतला. "दवाखान्यात कपडे काढले तेव्हा नर्सला सापडली. घड्याळ, किल्ल्या आणि ती, तिन्ही एका पिशवीत घालून तिनं उशाशी ठेवली. तिला काय माहीत ते काय आहे. शेरीफ आला तेव्हा पिशवी तिथंच होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि बोलत होतो. आधी वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मग सगळे डेलचंच नाव घ्यायला लागले. मग... मेलेल्याला काय फरक पडतो, व्होंडा? मला इथं जगायचं होतं."

"आणि मला? मला कुठं जगायचं होतं?"

तिचा आवाज चढला नव्हता. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आठ वर्षं मी तुझं सगळं केलं," तो म्हणाला. "काही कमी पडू दिलं नाही. आठ वर्षं तुझ्या दारातला बर्फ काढला गं मी!"

"काढलास. माझ्या दारातला बर्फ काढलास आणि डेलच्या नावावरचा चिखल तसाच ठेवलास. वर माझ्याच टेबलावर बसून जेवलास. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, ऑरिन. मला कळलंसुद्धा नाही, इतका हळू कापलास."

"मी तुझ्यावर प्रेम..."

"गप्प बस. तो शब्द तुझ्या तोंडानं काढू नकोस." ती उठून उभी राहिली. "रविवारी चर्चमध्ये उभं राहायचंस. कुबिक मास्तरच्या समोर. जे आत्ता मला सांगितलंस ते जसंच्या तसं. नाही उभा राहिलास तर मी उभी राहीन. आता जा."

"इतक्या रात्री? तीन मैल चालत?"

"चांदणं आहे," व्होंडा म्हणाली.

तो गेला. ती त्या गाडीशेजारी उभी राहिली आणि मग तिला रडू फुटलं. ऑरिनसाठी नाही. तिने मला सांगितलं ते असं: "त्यानं फसवलं, त्याचं ठीक आहे. परका तो परकाच. पण मी सत्तावीस वर्षं डेलच्या शेजारी झोपले, मी कसं मानलं? त्याला एकदा तरी म्हणायचं होतं मी, की तू यादी म्हटल्याशिवाय निघणारच नाहीस. गावानं त्याला एकदा पुरलं, मी रोज पुरत होते." गाडीच्या उजव्या दाराला कपाळ टेकून ती म्हणाली, "डेल, चुकलं रे माझं."

तुम्हाला वाटेल, रविवारी ऑरिन उभा राहिला असेल. छे. शनिवारी रात्रीच तो गाशा गुंडाळून गेला. कुणी म्हणतं माँटाना, कुणी म्हणतं कॅनडा. घर, कुत्रं, सगळं टाकून. एकाच माणसाकडून एकाच बाईने दोनदा का फसावं, असं तुम्ही म्हणाल, पण ती खरंच दुसऱ्या रांगेत त्याची वाट बघत बसली होती. शेवटचं गाणं झालं तेव्हा तिला कळलं. मग ती उठली आणि तिने सगळं सांगितलं, रेडिओ, पाऊस, नर्सची पिशवी, सगळं.

गावाचं काय झालं? गाव ते गावच. अर्धे म्हणाले, त्याने लग्न मोडलं म्हणून बाई भरकटली. शेरीफ भला माणूस, टोपी हातात धरून म्हणाला, "व्होंडा, मी मानतो. पण कागदावर काय लिहू? साक्षीदार कोण?" मेलेला माणूस साक्षीला येत नाही, आणि आला तर त्याची सही कोण घेणार? कुबिक मास्तर तेवढा थोरल्या पोराला घेऊन तिच्या फाटकापर्यंत आला. आत नाही आला. बाहेरूनच म्हणाला, "डेलनं दोनदा विचारलं होतं म्हणता?" ती म्हणाली, "दोनदा." त्याने मान हलवली आणि गेला. तेवढंच. पण त्या रात्री आठ वर्षांत पहिल्यांदा आपल्याला सलग झोप लागली, असं ती म्हणाली.

ट्रेलर तिने विकला नाही. ओढायला शिकली. आता दर सप्टेंबरात एकटी येते, तिकडे, त्या तिसऱ्या जागेवर थांबते. निघताना मागे बसून यादी म्हणते आणि मी जाऊन एकेका वस्तूला हात लावतो. माझा गुडघा धड नाही, तरी उठतो. पिन मी घालतो.

आता एवढंच राहिलं.

त्या गुरुवारी रात्री, ऑरिनला हाकलून ती घरात गेली, आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली तिने कोट काढला. कोटाच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, काळं ग्रीस लागलेलं होतं. हात होता तो. चार बोटं आणि अंगठा, स्पष्ट, माणूस उठताना शेजारच्याच्या पाठीवर हात टेकून उठतो तसा. ऑरिन तिच्यापासून वीस पावलांवर उभा होता, तो तिच्याजवळ आलाच नव्हता. तिने तो कोट साबणाने धुतला. रॉकेलने धुतला. मग शहरात नेऊन धुवायला दिला. ग्रीस गेलं नाही. मग तिने नाद सोडला.

गेल्या सप्टेंबरात ती इथेच, या शेकोटीशी बसली होती. कोट त्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. रात्री अकराचा सुमार, कडाक्याची थंडी, खुर्चीच्या दांड्यावर दव गोठलेलं. ती चहा आणायला ट्रेलरमध्ये गेली. मला राहवलं नाही. अकरा वर्षांपूर्वीचा तो डाग. मी बोट लावलं.

ग्रीस बोटाला लागलं... आणि ते कोमट होतं.